खिडकीवरचा खडा

आमची मावशी कॉलेजात असताना एका दिग्दर्शकाचे कोवळ्या प्रेमाचे सिनेमे गाजत होते. त्यांतला नायक हमखास नायिकेच्या खिडकीवर खडा मारून प्रेम सांगायचा. खडा न मारणाऱ्या मुलाला मावशी खिजगणतीतही धरत नसे.

समोरच्या दुकानातला काचवाला तिच्यावर जीव टाकायचा. शेवटी तीच त्याला म्हणाली, "माझ्या खिडकीवर खडा मार, मग बघू."

"ती काच मीच बसवलीय गं," तो कळवळून म्हणाला. "दुसरं काहीही सांग."

मावशी फुगून बसली. दुसऱ्या संध्याकाळी तो शिडी लावून चढला आणि त्याने बोटाने काचेवर हळूच टकटक केली. खिडकी उघडली आजोबांनी.

"शिडी कशाला? दार उघडंच आहे की," ते म्हणाले.

मागे मावशी पोट धरून हसत होती. त्या हसण्यातच लग्न ठरलं.