पेन्सिलीखालचा चेहरा

व्हर्ना लिंडक्विस्ट माझी शेजारीण. आमच्या कॅन्ससच्या गव्हाच्या रानात वाढलेली, बोटं नांगरधऱ्याची. पण पेन्सिल हातात आली की बाई मुंगीचे पायसुद्धा मोजून काढील. कॉलेजासमोरच्या स्टुडिओत तिनं एकतीस वर्षं काढली. पदवीच्या फोटोची फिल्म उजेडासमोर धरायची आणि तोंडावरची मुरमं, डाग टोकदार पेन्सिलीनं बुजवायचे. फिल्मवर सगळं उलटं. जिथं पेन्सिल काळी फिरते, तिथं कागदावर चेहरा उजळतो.

मुळात आमचं विद्यापीठ म्हणजे नुसती मास्तर घडवायची शाळा. मग कॉलेज झालं, मग स्टेट युनिव्हर्सिटी. पाटी दोनदा बदलली, चाल तीच राहिली. ऑक्टोबरात पोरं स्टुडिओत यायची, पदवीचा काळा झगा गळ्यात अडकवायची, आणि फोटो होऊन त्या सालच्या चौकटीत शेजारी शेजारी जाऊन बसायची. एक प्रत नोकरीच्या अर्जाला लागायची.

विद्यापीठाला शंभर वर्षं भरली तशा साऱ्या चौकटी वाचनालयाच्या पुढच्या दाराजवळच्या भिंतीवर लागल्या. जुन्या माणसांना तीन दिवसांच्या समारंभाचं बोलावणं आलं. मी व्हर्नाला गाडीतनं नेलं. ती तोऱ्यात होती.

"बघ गं, एकाच्या तोंडावर फोड सापडली तर नाव बदलीन."

एकोणपन्नास सालच्या चौकटीपुढं एक उंच काळी म्हातारी उभी होती. तिनं काठीचं टोक एका फोटोकडं केलं. "ही कोण?"

व्हर्ना खालचं नाव वाचून म्हणाली, "ओडेसा टॉलिव्हर. त्या साली काळी पोर ती एकटीच."

"ती मी. पण ही मी न्हाई."

फोटोतली पोर गोऱ्यांत खपून जाईल अशी उजळ होती.

"ह्या फोटोवर एका गोऱ्यांच्या शाळेनं मला पत्रानंच नोकरी दिली," ओडेसाबाई म्हणाल्या. "पेटी घेऊन दारात गेले. हेडमास्तर म्हणाला, पेटी ठेव तिकडं, मास्तरीण कुठाय? मीच म्हटल्यावर म्हणाला, दुसरीचा फोटो लावून फसवतीस व्हय? तसं कॉलेजालाही कळवलं त्यानं. मग कुठंच नोकरी लागेना. तीन वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली मी."

व्हर्नानं माझा दंड धरला आणि मला बाहेर ओढलं. गाडीत बसून दार ओढून घेतलं. मग म्हणाली, "माझाच हात."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच न्हाई. वाटलं, पोरीचं भलं हुईल. घरी जाऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलं बी."

मी गाडी सुरू केली. तिच्याकडं बघावंसं वाटेना.

स्टुडिओचे जुने खोके वाचनालयातच पडून होते. दुसऱ्या दिवशी व्हर्नानं ती फिल्म मागून घेतली. टर्पेंटाइनचा बोळा अलगद फिरवून स्वतःचीच पेन्सिल पुसली आणि त्याच फिल्मवरनं नवा फोटो छापून आणला. गालांची हाडं, रुंद नाक, काळा तुकतुकीत चेहरा, सगळं जागच्या जागी.

समारंभ संपायच्या आत तिनं तो ओडेसाबाईंच्या हातात दिला. "पेन्सिल माझी होती, टॉलिव्हरबाई. तुम्हाला विचारलं न्हाई मी."

त्यांनी फोटो लांब धरून पाहिला. "आईनं जुना कधी भिंतीला लावला न्हाई. म्हणायची, माझ्या पोरीचा आण, मग लावते." फोटो खाली झाला. "आता कुठं लावायची ती."

व्हर्नाची मान वर होईना. "भिंतीवरचा काढून हा लावायला सांगते."

"काढू नका. दोन्ही राहू द्या. आन् पहिल्याखाली लिहा, कुणी केला."

वाचनालयात काम करणाऱ्या पोरीनं चिठ्ठी पुढं केली. व्हर्नानं आपल्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, 'चेहरा उजळवला व्हर्ना लिंडक्विस्टनं.' ओडेसाबाई बघत उभ्याच होत्या. व्हर्नानं पुन्हा पेन टेकवलं आणि खाली लिहिलं, 'कुणी सांगितलं नव्हतं.'

ती चिठ्ठी अजून तिथं आहे. व्हर्ना वाचनालयात मागच्या दारानं जाते.