मायनं मागितलेली ताकद

मी नर्सच्या नोकरीसाठी मस्कतला निघाले तेव्हा माय मला सोडायला राणीसावरगावहून गंगाखेडच्या स्टेशनापर्यंत आली. फलाटावर, चारचौघांत, तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिचं आवडतं स्तोत्र म्हणायला लागली. देव पंखाखाली घेईल, रोगराई जवळ येऊ देणार नाही, असं त्यात आहे. मला लाज वाटली. म्हणाले, "माय, पुरं. लोक बघायलेत." तिनं स्तोत्र संपवूनच हात काढला.

बाबा आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. दुःख आलं तर पळू नये, आपला वधस्तंभ आपण उचलावा, असं ते दर रविवारी सांगायचे. शाळेत असताना मी त्यांना विचारलं होतं, "मग माय रोज संकट टाळ म्हणून का मागती?" ते म्हणाले, "दोन्ही खरं हाय." मायनं त्याची वाटणी करून टाकली होती. राखण मागायची ती आमच्यासाठी, सोसायचं ते तिनं. हे मला फार उशिरा कळलं.

दुसऱ्या वर्षी तिचा फोन आला. मी ड्यूटीला निघाले होते, खाली बस उभी होती. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "छातीत गाठ हाय एक. हात वर केला की दुखायलंय."

"कधीपासून?"

"सुगीपासून. येशूनं किती सोसलं, त्याच्यापुढं हे काय."

वॉर्डात अनोळखी बाईनं हे सांगितलं असतं तर तपासणी झाल्याशिवाय मी तिला घरी जाऊ दिलं नसतं. मायला मी म्हणाले, "प्रार्थना कर. देव ताकद देईल." आणि बस पकडली. पुढं मी विचारलं नाही, तिनं विषय काढला नाही.

बाबांनी तिला नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं उरलं नव्हतं. मी सुट्टी काढून आले. तिला विचारलं, "मला परत का सांगितलं न्हाईस?"

"तू म्हणलीस ना, ताकद देईल. तेच मागत राहिले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर पहिल्याच रविवारी बाबा उपदेशाला उभे राहिले. उतारा उघडला, पण वाचला नाही. बायका बसल्या होत्या तिकडं बघत म्हणाले, "दुखत असंल तर सांगत जा. वधस्तंभ म्हणून झाकू नका. माझ्या घरात झाकलं. मीच तसं शिकवलं होतं." आणि खाली बसले.

मायनं झाकलं नव्हतं, मला सांगितलं होतं, हे मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी बसून राहिले.

आता शुक्रवारी, माझ्या सुट्टीला, बाबा फोन करतात. गुडघा, खोकला, सगळं सांगतात आणि मी सगळं नीट विचारते. तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब आलेत, त्यांना घर म्हटलं की अंगण आठवत असेल, झाड आठवत असेल. मला बाबा दिसतात. मायच्या मरणाचा दोष ते एकटे वागवतायत, आणि त्यातला माझा वाटा मी त्यांना अजून सांगितलेला नाही. दर वर्षी रजेवर गावी जाताना सांगायचं ठरवून जाते, आणि न सांगता परत येते.