गॉवरची भरती

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून उजाडताना निघालो. माझा नवरा निखिल, मी आणि मागे त्याचे रेवदंड्याचे काका. पाहुणे म्हणून आले होते. म्युझियम बघून विटले होते बिचारे. "एकदा मासा मारू दे रे," एवढंच मागणं. म्हणून वेल्समधल्या गॉवरच्या किनाऱ्यावर बास (आपल्या जिताड्याचा चुलतभाऊ) पकडायला चाललो होतो.

दुपारी पोचलो तर पाणी पार लांब, काळे खडक उघडे पडलेले. वारा असा बोचरा की बोलवेना. चिप्सवर व्हिनेगर बघून काकांनी तोंड वाकडं केलं.

"काका, टाइडच्या वेळा बघू का फोनवर?"

"अगं, जन्म गेला समुद्रावर! आज पौर्णिमा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराची सव्वाअकरा. भरती होऊन गेली, आता संध्याकाळपर्यंत सुकती (ओहोटी)."

रेवदंड्याला हे गणित कधी चुकत नाही. पण दर किनाऱ्याची वेळ निराळी. इथे पौर्णिमेच्या दुपारी ओहोटी संपते आणि पाणी उलट फिरतं, हे आम्हाला कुठे ठाऊक!

"मासा पाण्याच्या ओढीतच लागतो," म्हणत काका निखिलला घेऊन मधली कोरडी घळ ओलांडून पलीकडच्या खडकावर गेले. लागलाही. काय आनंद झाला त्यांना! मासा बादलीत टाकायला निखिल किनाऱ्यावर आला, तेवढ्यात कुत्रा फिरवणारी एक बाई ओरडली, "द टाइड हॅज टर्न्ड! गेट हिम इन, नाऊ!"

आम्ही हाका मारल्या. काकांनी नुसता हात हलवला आणि पुन्हा गळ टाकला.

बघता बघता घळ भरली. निखिल छातीभर पाण्यात शिरला, त्या बाईने आणि मी त्याला मागे खेचलं. काकांनी उडी मारली. पट्टीचे पोहणारे, पण त्या ओढीने त्यांना आडवंच नेलं, खडकाच्या टोकापलीकडे. लाइफबोट अंधार पडेपर्यंत शोधत होती. दुसऱ्या दिवशीही. मग पोलीस म्हणाले, घरी जा, कळवू.

परतीच्या वाटेवर निखिल गाडी चालवत होता. मला काकांचा राग येत होता, आणि रडूही. मेलं ते गणित! जिथलं पाणी, तिथल्यांना विचारावं, एवढं साधं होतं. घराजवळच्या राउंडअबाउटवर रेवदंड्याहून काकूंचा फोन आला; त्यांना आदल्या रात्रीच कळवलं होतं.

"कुठे आहात?"

"पोचलोच घरी, काकू," निखिल स्पीकरवर म्हणाला.

"निघालात कशाला रे? समुद्र माणूस ठेवून घेत नाही, आणून सोडतो. तिथे त्यांना ओळखणारं कोण आहे?"

निखिलने राउंडअबाउटला पूर्ण वळसा घातला आणि गाडी परत वेल्सच्या रस्त्याला लावली.