शिळ्या सणाला धाडलेला माणूस

कळंबात तेलाचे दोन घाणे होते. त्यातला शनिवारी बंद राहणारा राहेलबाईचा, म्हणून गाव तिला शनवार तेलीण म्हणे. बाकीची इस्राएली, म्हणजे शनिवार पाळणारी यहुदी, घरं एकेक करून मुंबईला गेली होती. मागे उरली ती राहेलबाई, आणि ओढ्याकाठी तिच्या नवऱ्याची, इसाजीची, कबर.

तिचा एकुलता मुलगा बनाजी मुंबईत छापखान्यात लागला होता. प्लेगाच्या पहिल्या साली तो तिथंच गेला. निरोप कळंबला पोचला तेव्हा त्याला पुरून महिना लोटला होता.

गावाची सर्वपित्री झाली की दहा दिवसांनी तिचा दार फाळणीचा सण येई. दार लावून घ्यायचं, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. त्याच्या आदल्या दिवशी घरची गेलेली माणसं घरी येतात आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, असं सासूनं तिला सांगितलं होतं. त्याआधी कबरीवर जाऊन त्यांना बोलवायचं.

बनाजीला बोलवायला ती नेरळपर्यंत चालत गेली आणि आगगाडीनं मुंबईला पोचली. कबरस्तानाच्या राखणदारानं लांबच्या भिंतीकडे बोट केलं.

"प्लेगाची माणसं समदी तिथं. कोण कुठं, ते नाय सांगता येत, बाय."

राहेलबाई भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. दर दोन पावलांवर थांबून म्हणाली, "बनाजी, घरी ये रं."

सण आला. दरवर्षीसारखा इसाजी घरात असल्याचं तिला जाणवलं. बनाजी मात्र आला नाही. शिळ्या सणाला ती शेजारच्या चिमाला घेऊन ओढ्यावर गेली आणि कबरीपाशी बसली.

"आता माघारी जाऊ नका," ती इसाजीला म्हणाली. "मुंबैला जावा. पोराला हुडका. त्याला घेतल्याबिगर येऊ नका."

"येतील गं दोघं," चिमा म्हणाली.

पुढल्या सालच्या सणाला घर सारवून ती बसली. कुणीच आलं नाही. बनाजी नाही, आणि इसाजीही नाही. त्याच्या पुढल्या सालीही तसंच.

"चिमा, मीच धाडलं गं त्यांना," ती म्हणाली. "होते तेवढेबी घालवले."



मुंबईहून दीर तिला न्यायला आला, तेव्हा राहेलबाई गेली नाही. कुणाची वाट बघत राहिली असंही नाही. सण आला की उपास करी, पण ओढ्यावर बोलवायला जाणं तिनं सोडून दिलं.

बनाजी गेल्यापासून सहाव्या साली, मार्गशीर्षात, ती तापानं गेली. दिराला कळायला चार दिवस लागले. तिच्यासाठी प्रार्थना म्हणायला दहा इस्राएली पुरुष लागत, गावात एकही नव्हता. चिमाच्या नवऱ्यानं, नागूनं, इसाजीशेजारी खड्डा खणला. तिला आत उतरवल्यावर तो चिमाला म्हणाला, "काय म्हणायचं असतं गं?"

"मला नाय ठाव," चिमा म्हणाली.

 नागूनं माती ओढायला सुरुवात केली.