गडग्याकडचं कलम

बाबांनी मागे एक्केचाळीस वह्या ठेवल्या. पहिल्या काही शाळेच्या लांबड्या वह्या, पुढच्या सगळ्या खत-औषधाच्या दुकानदारांनी नव्या वर्षाला फुकट वाटलेल्या डायऱ्या. मधे मधे सातबाऱ्याचे उतारे, कलमं आणल्याच्या पावत्या आणि कुणाकुणाची पत्रं खोचलेली. मिठबावच्या आमच्या आंब्याच्या बागेत रोज काय झालं ते त्यात आहे. वारा कुठला, मोहोर किती, तुडतुड्याची कीड पडली की नाही. माणसांबद्दल बाबांना फारसं लिहावंसं वाटत नसे. मी जन्मले त्या दिवशीची नोंद अशी: ‘उत्तरेचा वारा. विहिरीकडील चार कलमांस फवारणी. घरी मुलगी. दुपारनंतर फवारणी बंद.’ माझ्यासाठी अर्धा दिवस फवारणी थांबली, यातच मी समाधान मानून घेतलं आहे.

घरात मालवणी बोलणारा हा माणूस वहीत मात्र कचेरीतल्यासारखं शुद्ध लिहायचा. आणि लिहून झालं की दिवेलागणीला पडवीत बसून ते आईला वाचून दाखवायचा. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तांदूळ निवडत ती ऐकायची, मधेच ‘हूं’ म्हणायची. एक्केचाळीस वर्षं हे चाललं. आम्हा दोघा भावंडांना त्याचा भयंकर कंटाळा यायचा.

बाबा गेले आणि दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. सगळे एकेक करून त्यांना शब्द देऊ लागले. भाऊ म्हणाला, बाग विकणार नाही. काका म्हणाला, आंबे उतरवायला दरवर्षी मी माणसं घेऊन येईन. आई तर काय काय म्हणाली. कावळे समोरच्या माडावर बसून मजा बघत होते. मला भूक लागली होती, डोकं दुखत होतं. वैतागून मी म्हटलं, “बाबा, तुमची वही मी लिहीन. झालं?” आणि एक कावळा खाली आला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ओरोसला सरकारी नोकरीत, राहते क्वार्टर्समध्ये. बागेशी माझा संबंध आंबे खाण्यापुरता. पण शब्द मेलेल्या माणसाला दिला होता, आणि तो परत घ्यायला त्याच्याकडे जाता येत नाही. म्हणून ठरलं असं की आईने सकाळी बागेत फिरून यायचं, सात वाजता मी फोन करायचा, ती सांगेल ते लिहायचं.

त्याच सुमारास भावानेही आपलं ठरवलं. तो वास्कोला असतो, चौथ्या मजल्यावर. माणूस वाईट नाही, काळजीखोर आहे. “आई बागेत जाऊन-येऊन आहे तोवर राहू दे तिला घरी,” तो म्हणाला. “ज्या दिवशी ते थांबेल त्या दिवशी मी गाडी घेऊन येणार.” आईने हे मान खाली घालून ऐकलं. ते घर सोडायचं म्हटलं तर तिचं काय होईल हे मला तिच्या हातांकडे बघून कळत होतं.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. फोनवर ती सांगायची, “उत्तरेचो वारो आसा. विहिरीकडच्या कलमाक मोहोर इलो. तुडतुडो नाय.” मी लिहायचे, ‘उत्तरेचा वारा. विहिरीकडील कलमास मोहोर. तुडतुडा नाही.’ बाबांच्या पेनाने लिहिता लिहिता माझं अक्षरही त्यांच्यासारखं उजवीकडे कलायला लागलं. ते मला आवडत नव्हतं, पण थांबवता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी थंडी पडली, आणि एका रविवारी मी त्यांची जुनी वही सहज उघडली. गावची आठवण म्हणून बऱ्याच वह्या मी क्वार्टर्सवर आणून ठेवल्या होत्या. समोरच्या पानावर मी सकाळीच लिहिलेलं वाक्य होतं. जसंच्या तसं. ‘सकाळी दव फार. गडग्याकडील कलमास मोहोर, शेंडे काळपट.’ मला हसू आलं. आंब्याच्या बागेत दरवर्षी वेगळं काय होणार! मग पुढचा दिवस पाहिला. तोही तसाच. त्याच्या पुढचाही. गणपतीपासून आईने सांगितलेलं सगळं कुठल्या ना कुठल्या जुन्या वहीत सापडत गेलं, कधी या वर्षातला आठवडा, कधी त्या वर्षातला. शेवटी बाबांची शेवटची वही काढली. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर एक ओळ होती: ‘वादळात गडग्याकडील कलम मुळासकट गेले.’

आमच्या बागेला जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे रचलेली कुंपणभिंत आहे, समुद्राच्या बाजूने. त्याच्याजवळ एकच कलम होतं. दोन वर्षांपूर्वी पडलेल्या त्या झाडाचा मोहोर मी महिनाभर टिपून घेत होते. आणि मला ते कळलं नाही, कारण कुठलं झाड कुठे आहे हेच मला ठाऊक नव्हतं. समोरून आलेला मजकूर नोंदवायची माझी नोकरीतली सवय. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

पावसाळ्यापासून जाणं झालंच नव्हतं, शनिवारच्या एसटीने गेले. आई दारातच होती. “इलंस गो?” म्हणाली, पण माझ्या खांद्यापलीकडे बघून. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवून ओतत होती. मी मागच्या दाराने बागेकडे गेले. पायवाट उरलीच नव्हती. विहिरीच्या अलीकडे वेलींनी सगळं बंद केलं होतं, कोळ्यांची जाळी माणसाच्या उंचीवर शाबूत होती. पावसाळ्यानंतर तिथून कुणीच गेलेलं नव्हतं. मीही पुढे गेले नाही.

परत येऊन तिच्याजवळ बसले. “आये, डोळ्यांचं कधीपासून?”

“पावसात गेले,” ती म्हणाली. “आधी एक, मगे दुसरो. कोणाक सांगू नको.”

“मग फोनवर सांगतेस ते काय?”

ती पदराशी चाळा करू लागली. “सकाळी जाग येता तेवा तेंचो आवाज येता. पडवीत बसान वाचतत. ते वाचतत तां मी तुका सांगतंय. खंयच्या वर्साचा तां माका कळना नाय.” मग घाईघाईने म्हणाली, “खोटा नाय गो तां. तेंनी लिवलेला आसा.”

  गेले चार महिने मी आईचं नव्हे, बाबांचंच सांगणं उतरवून घेत होते, त्यांच्याच पेनाने, जवळजवळ त्यांच्याच अक्षरात.

तेवढ्यात भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. “आई जाते ना बागेत?”

आई माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिला मी दिसत नव्हते, पण ती बघत होती.

“जाते,” मी म्हटलं. “रोज जाते. आत्ताच जाऊन आलो आम्ही.”

तिने सुस्कारा टाकला. मला वाटलं, पुण्य केलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, कामाला बाई बघायची, असं मनाशी ठरवत मी सोमवारी पहाटेची गाडी पकडून परत आले. मंगळवारी सातला फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

शेजारच्या काकीला ती बागेत सापडली. काठी घेऊन एकटीच गेली होती. वेली हातांनी बाजूला करत विहिरीपर्यंत पोचली आणि तिथे पडली. खुब्याचं हाड मोडलं. उचलताना ती काकीला माझ्याबद्दल म्हणाली, “चेडवान माझ्यासाटी खोटा सांगल्यान. तां खरा करूक व्हया होता.” काकीने हे मला दवाखान्यात, सगळ्यांसमोर सांगितलं. भाऊ ऐकत होता. तो उठून आईच्या कागदांवर सही करायला गेला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आता आई वास्कोला आहे. चौथ्या मजल्यावर, खाटेवर. खरं सांगितलं असतं तरी ती तिथेच गेली असती, पण आपल्या पायांनी गेली असती. हे मी रोज स्वतःला सांगते, आणि रोज सकाळी सातला फोन येतो. आता तीच करते. भाऊ नंबर लावून देतो. ती वारा सांगते, दव सांगते, आणि मी लिहिते. नंतर जुन्या वह्यांत शोधते. आता सगळ्या वह्या इकडेच आणल्या आहेत. वाक्य सापडलं की जिवाला बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, “बांधाकडच्या धाकट्या कलमाक फळ धरला. पयलाच.”

मी सगळ्या वह्या पाहिल्या. दोनदा पाहिल्या. ते कलम बाबांनी जाण्याआधी काही महिने लावलेलं, त्यांच्या हातचं शेवटचं. त्याला फळ धरल्याची ओळ एक्केचाळीस वह्यांत असूच शकत नाही. शनिवारी मी मिठबावला गेले. घर झाडलं, देवाजवळ दिवा लावला, मागचं दार उघडलं आणि बागेत न उतरताच लावून घेतलं. फळ नसेल तर आई हातातून चालली आहे. आणि असेल, तर ते तिला कोण सांगतंय? मी शेवटच्या गाडीने परत आले.

काल सकाळी फोनवर तिने विचारलं, “तू बघून इलंस काय गो, धाकट्या कलमाक?”

“बघून इलंय,” मी म्हटलं. “एकच फळ आसा. बरा आसा.”



“बरा झाला,” ती म्हणाली. “मगे माका जाऊक नको.”