कुऱ्हाडी बाहेर ठेवा!

आमच्या फिरत्या टॉकीजचा तंबू गुंडाळून कैक वर्षं झाली. तरी मशीन चालवणारा चांदभाई घरी आला, की चहा गार होतो आणि एका किश्शाच्या पोटातून दुसरा निघत राहतो. आमचे हे टॉकीजचे मालक. बायकांच्या दारावर तिकिटं मी फाडायची. निजामाचं राज्य, त्याचंच हाली नाणं, बैलगाडीवर लादलेली मशीन. कष्ट फार होते, पण तेवढी हसले मी पुन्हा कधी नाही!

*

ईट गावात पहिलाच खेळ. पडद्यावरच्या व्हिलननं नटीचा हात धरला आणि पुढं बसलेल्या एका धनगराचं डोकं फिरलं. "सोड तिला!" म्हणत त्यानं कुऱ्हाडच भिरकावली. व्हिलन वाचला, पडदा फाटला! मी ठिगळ लावलं. पुढं जो नट मधोमध उभा राहायचा, त्याच्या गालावर ते दिसायचं.

तेव्हापासून यांनी नियमच केला. काठ्या, कुऱ्हाडी, विळे दारात ठेवायचे, मगच आत. रानातून थेट येणारी माणसं, हातात काहीतरी असायचंच. एक म्हातारा मला म्हणाला, "ठिवतो बाई, पर आत त्यो मवाली अंगावर आला तर?"

*

भूमला लढाईचा सीन ऐन रंगात आला होता. "झाड गोळी! झाड!" असा नुसता गलका. तेवढ्यात मशीनचा पट्टा फाट्‌दिशी तुटला आणि अंधार झाला. दिवा लावून बघतो तर तंबू रिकामा! कनातीखालून माणसं सरपटत पळाली होती.

चांदभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "क्या लोगां हैं भाभी! पडदे पे सौ गोलियां चले तो हिलते नै, एक पट्टा टूटा तो पूरा भूम भाग गया!"

*

एका गावच्या पाटलांकडं परवान्याची बंदूक होती. आमच्या तंबूत पहिली खुर्ची त्यांची. नायकानं जरा दम धरला की पाटील उठून ओरडायचे, "घाल गोळी! बघतोस काय!"

एकदा त्या गावात दरोडेखोर येणार अशी आवई उठली. सगळं गाव पाटलांच्या दारात. पाटील मात्र कडब्याच्या गंजीत बंदूक लपवत होते!

"पाटील, आता न्हाय तर कधी काढायची?"

"खुळे का काय? बंदूकच चोरीला गेली तर सरकारात जबाब कोण देणार?"

*

सोनारीच्या जत्रेतली गोष्ट मात्र चांदभाई मलाच सांगायला लावतो.

सरू नवऱ्याच्या माराला कंटाळून बहिणीकडं पळून आली होती. हात अजून झोळीत होता. पोरीनं जरा हसावं म्हणून बहिणीची सासू राधाबाई तिला खेळाला घेऊन आली. खेळ अर्ध्यावर आला आणि नवरा माझ्या दारात उभा! हातात कुऱ्हाड.

"सरूला भाईर काढा. आज घिऊनच जानार."

आवाज ऐकून पुरुषांच्या बाजूचे पाच-सहा जण बाहेर आले. आत्ता आत्तापर्यंत हेच तलवारवाल्या नटीला "तोड त्याला!" म्हणून ओरडत होते. त्याला बघून म्हणाले, "नवरा-बायकूचं हाय, आपुन कशाला मधी?" आणि परत जाऊन बसले. असा संताप आला मला!

तेवढ्यात राधाबाई बाहेर आली, मला म्हणाली, "पोरी, माझा विळा दे."

तिच्यामागून दुसरी. "माझा बी."

मग तिसरी, चौथी. विळे घेऊन बायका दारात नुसत्या उभ्या राहिल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उचलला नाही. राधाबाई एवढंच म्हणाली, "सरू आमच्यापाशी ऱ्हानार. तुझं काय ते बोल."

तो एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिला. मग कुऱ्हाड माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "तिकीट केवढ्याला?"

फाडलं मी तिकीट! थोड्या वेळानं पडद्यावर नटीनं तलवार उपसली, आणि पुरुषांच्या बाजूनं सगळ्यांत मोठा आवाज त्याचा आला, "हान बाई! सोडू नगंस त्याला!"