गाळणी भास्कररावांनी ओळखली

सातपूरच्या एका वर्कशॉपात मी फ्रीज-एसीची कामं करायचो, तिथे भास्करराव आयटीआयचा कागद घेऊन आले. मी आठवीत शाळा सोडलेला. कॉम्प्रेसरवर हात ठेवला की दुखणं मला कळायचं. भास्करराव हात लावायच्या आधी विचारायचे, "आप्पा, या भागाला म्हणायचं काय?"

मी म्हणायचो, "बारसं नंतर करा. आधी चालू करा."

आमच्या लाइनीत थंड होत नाही म्हणजे गॅस संपला. गिऱ्हाईक तेच म्हणतं, मिस्त्री पण तेच. भास्कररावांना ते खपत नसे. एकेका भागाचं नाव, त्याचं काम, बिघडला की हाताला काय लागतं, सगळं त्यांनी साध्या मराठीत वहीत उतरवलं. त्या वहीचं आता हे पुस्तक झालंय. सगळे त्यांना सर म्हणतात. मी अजून आप्पाच. जळतो मी, लपवत नाही.

दिंडोरीकडे द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे, माझं जुनं गिऱ्हाईक. तिथे मालाची खोली थंड ठेवायचं मशीन बसवताना भास्करराव मदतीला आले आणि प्रत्येक भागाला नावाची पत्र्याची पाटी बांधत बसले.

मी म्हटलं, "लग्नातल्या भांड्यांवर नावं घालताय काय?"

"नाव असलं की भांडं हरवत नाही, आप्पा."

पुढे ऐन सीझनला तिथली खोली थंड होईना. आत परदेशी जायचा माल. मी सकाळी गेलो, प्रेशर कमी दिसलं, गॅस भरला, निघालो. दुपारी परत तेच. मशीन सांभाळणाऱ्या मंदाताईंनी मला फोन लावला, मी दुसरीकडे छतावर होतो. मग त्यांनी भास्कररावांना लावला.

भास्कररावांनी घरी खुर्चीत बसून विचारलं, "गाळणी अशी पाटी आहे, तिथे हात लावून सांगा."

"सर, अलीकडे गरम लागतंय. पलीकडे गार, घाम सुटलाय."

संपलं. गॅसमधला कचरा अडवणारी गाळणीच चोंदली होती, गॅस कितीही भरा, पुढे जाणार कुठून? त्यांना स्वतः जाऊन नाव कमवता आलं असतं. त्यांनी मला फोन केला. "आप्पा, तुमचं गिऱ्हाईक आहे. नवी गाळणी घेऊन जा."

मी चडफडत गेलो, गाळणी बदलली. खोली परत थंड झाली, माल वाचला. मंदाताई हळूच म्हणाल्या, "आप्पा, पाटी वाचली असती तर सकाळीच झालं असतं."

मालकांनी पाठ थोपटली, "आप्पा, तुमच्या हाताला तोड नाही." मी ती शाबासकी खिशात घातली. भास्कररावांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्याचाच जास्त राग आला. उणं काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मालकांचा अजून तोच समज आहे. त्या जोरावर मी तिथे इतके सीझन मान घेतला. हे पुस्तक त्यांच्याकडेही जाणार, म्हणून छापूनच टाकतो: सकाळी मी चुकलो होतो, गाळणी भास्कररावांनी ओळखली. तिथलं काम भास्कररावांच्या माणसांकडे गेलं तरी चालेल. जड जाईल, पण चालेल.

भास्करराव, शंभरी गाठा. गुडघे धड राहोत, नजर साफ राहो. कुणी अडला तर फोन तुम्हीच उचला. अडलो तर मी पण करीन.